सिंधू आजारी होती, खाष्ट नव्हती

जळगावच्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर लावली आणि पेनाच्या टोकाने दोन काळ्या जागा दाखवल्या. "इथे आणि इथे. हा भाग एवढा आकसायला नको होता." मग त्यांनी कागदावर लिहिलं : अल्झायमर्स डिमेन्शिया, मॉडरेट. म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि तोही मधल्या टप्प्यावर पोहोचलेला.

माझी बायको सिंधू शेजारच्या खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. "झालं का? निघायचं का?" तिने विचारलं. हे ती चौथ्यांदा विचारत होती.

आमची मुलगी वैशाली रडायला लागली. मला रडू आलं नाही. डॉक्टर आता काय विचारणार, याची मला धास्ती होती, आणि त्यांनी तेच विचारलं.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं तुमच्या?"

"सहा-सात महिने झाले असतील," मी म्हणालो.

ते खोटं होतं. तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी जे केलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरी असा आजार आला आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांना यातून काही मिळालं तर बरंच. पण खरं कारण वेगळं आहे. सिंधूबद्दल आमच्या भाऊबंदांत एक गोष्ट बोलली जाते, आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी शहात्तर वर्षांचा आहे. वरणगावच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो, तिथूनच निवृत्त झालो. आता धुळ्यात देवपूरला राहतो. आयुष्यभर माझं काम एकच होतं, माल बघायचा आणि खोट असेल तर बाजूला काढायची. घरातली खोट मात्र मी बाजूला काढली नाही, झाकून ठेवली.

सुरुवात साधी होती. सिंधू एकदा भाजी घ्यायला गेली आणि दीड तासाने रिकाम्या हाताने परत आली. "बाजार बंद होता," म्हणाली. बाजार बंद नव्हता. मग वरणाला दोनदा फोडणी बसायला लागली. वैशालीशी फोनवर बोलून झालं की पाच मिनिटांनी म्हणायची, "वैशूला फोन लावा ना, आठ दिवस झाले."

मी मनाशी म्हणालो, वय झालं. मलाही शेजाऱ्याचं नाव पटकन आठवत नाही.

या ठिकाणी बहुतेक घरं चुकतात, म्हणून डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते इथेच सांगतो. वयाबरोबर प्रत्येकाचाच मेंदू थोडा आकसतो. निरोप पोहोचवणाऱ्या तारा मंदावतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला नाव उशिरा आठवतं, पण आठवतं. दोन कामं एकदम जमत नाहीत, पण एकेक केली तर जमतात. हे वय आहे. आजारात मात्र नाव येतच नाही, आणि ते येत नाही हेसुद्धा माणसाला कळत नाही. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. रोजची नवी आठवण तो नोंदवून घेतो. अल्झायमर्स बहुधा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे आज सकाळचं जातं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं राहतं. घरची माणसं म्हणतात, "हिला जुनं सगळं आठवतं, मग हिला काय झालंय? मुद्दाम करते." मी हेच म्हणत होतो.

वर्षभराने मला मनातून कळून चुकलं होतं. पण त्या सुमारास वैशालीच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न ठरवायचं चाललं होतं. स्थळं बघणं सुरू होतं. आजीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कळलं, तर समोरचे लोक नातीकडेही त्याच नजरेने बघतील, असं मी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. वैशालीलासुद्धा सांगितलं नाही. पाहुणे आले की मी सिंधूच्या जवळ बसायचो आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी द्यायचो. लोक हसायचे. "नाना काही बोलू देत नाहीत बुवा वहिनीले."

मग तो श्रावण आला.

आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद गावच्या घरी जमतात. देवीच्या नैवेद्याला रोट असतात, आणि त्या रोटांचे गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. घरची मोठी सून सुपात मूठ टाकते आणि नाव घेते. नाव घेतलं म्हणजे तो माणूस देवीच्या पदरात आला. कोणाचं राहिलं तर ते अशुभ मानतात. गेलेल्या माणसाच्या नावाने मूठ घेणं तर कोणी मनातही आणणार नाही.

आमच्यात हा मान चाळीस वर्षं सिंधूचा. ती नावं कधी कोणाला विचारत नसे. सुपाकडे बघत एका लयीत सांगायची.

त्या वर्षी मला भीती होती. धाकट्या भावाच्या बायकोला, लताला, "यंदा तू कर" एवढं म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण मग लताने कारण विचारलं असतं. म्हणून मी आठ दिवस आधीपासून सिंधूकडून नावं पाठ करून घेतली. सकाळी चहा झाला की विचारायचो, आणि ती बरोबर सांगायची. सलग चार दिवस बरोबर सांगितली. मी माल पास केला.

गावी ओसरीत पंचवीस-तीस माणसं बसली होती. सिंधूने पहिली मूठ माझ्या नावाने घेतली. दुसरी मूठ घेतली आणि म्हणाली, "मधुकर."

मधुकर माझा धाकटा भाऊ, लताचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी हळूच म्हणालो, "सिंधू." तिला वाटलं मी पुढे जा म्हणतोय. तिने पुढची नावं घेतली, एका लयीत, पूर्वीसारखीच. सूप खाली ठेवलं. मधुकरच्या मुलाचं, हर्षलचं, नाव तिने घेतलंच नाही. तो तिच्या समोर भिंतीला टेकून बसला होता, घरातल्या पुरुषांत सगळ्यात धाकटा, सव्वीस वर्षांचा.

कोणीतरी मागून म्हणालं, "वहिनीनं तं मधुभाऊले परत बलाई लिधं!" दोघं-तिघं हसले. पण लता उठून उभी राहिली होती.

"अक्का, मन्हा पोऱ्या मरना का? आठे समोर बठेल शे ना!"

सिंधू तिच्याकडे बघत राहिली. तिला काही समजत नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली, रोज बघायची तशी. पुढचं वाक्य मी सांगेन म्हणून.

मला तेव्हा चार शब्द बोलता आले असते. हिला बरं नाही. हिला आठवत नाही. ओसरीत प्राचीचे सासरे होऊ शकतील अशा माणसांचे नातेवाईक बसले होते. मी म्हणालो, "तिच्या पोटात जे होतं ते ओठावर आलं. आता काय बोलायचं?"

हे वाक्य मी उच्चारलं, सगळ्यांच्या समोर. वाटणीवरून आमच्या दोन घरांत पूर्वी थोडं झालं होतं, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं. सिंधूच्या पुढ्यातलं सूप मी उचललं आणि लताच्या हातात दिलं. सिंधू रिकामे हात मांडीवर ठेवून बसली. मग घरी जाईपर्यंत तिच्याशी कोणी बोललं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हर्षल मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. तो बरा झाला, आता नीट चालतो. पण गावात बोललं गेलं की काकूची मूठ लागली. लताने आमच्याकडे येणं बंद केलं. हळूहळू बाकीच्यांनीही केलं. सिंधूला सगळे खाष्ट म्हणायला लागले. मी ऐकत होतो. मला वाटत होतं, बाईला वाईट म्हटलेलं चालतं, वेडी म्हटलेलं चालणार नाही. मी तिच्यासाठी त्यातलं पहिलं निवडलं. तिला विचारायची सोय नव्हती.

प्राचीचं लग्न झालं. चांगलं झालं. त्या लग्नातही मी सिंधूचा दंड धरून उभा होतो.

गेल्या पौषात वैशाली अचानक धुळ्याला आली. सिंधूने दार उघडलं, तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि नम्रपणे म्हणाली, "बसा हं बाई, आमचे हे येतीलच." मी बाहेरून आलो तेव्हा वैशाली ग्लास हातात धरून तशीच बसली होती. "बाबा, हे किती दिवसांचं आहे?" तिलाही मी सहा महिनेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला जळगावला घेऊन गेली.

दवाखान्यात दोन दिवस गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या : थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून आधी ते बघतात. सिंधूचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, पण सगळं त्यावर ढकलता येईल एवढं नाही. मग एका मॅडमनी तिला गोल काढून त्यात घड्याळाचे आकडे लिहायला सांगितले. सिंधूने बारा आकडे एका बाजूला दाटीने लिहिले, आणि छान लिहिल्याबद्दल कोणी काही म्हणेल म्हणून वर बघितलं. महिना कोणता, विचारल्यावर म्हणाली, "यांना विचारा, यांना सगळं माहीत असतं."

फिल्म बघून झाल्यावर वैशाली आईला बाहेर घेऊन गेली. मी मागे थांबलो आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. तीन वर्षं. मग कानबाईचंही सांगितलं.

ते तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे शोभले असते. त्यांनी विचारलं, "ज्याचं नाव राहिलं तो पुतण्या किती वर्षांचा?"

"तेव्हा सव्वीसचा."

"मग त्यात वाईट काहीच नव्हतं, काका. त्या दिवशी सूप हातात घेतलं तेव्हा तुमच्या मिसेस तीस-पस्तीस वर्षं मागे होत्या. तिथे तुमचे भाऊ जिवंत होते आणि पुतण्या जन्माला यायचा होता. त्यांनी कोणालाच वगळलं नाही. त्यांना दिसत होती ती सगळी नावं घेतली."

मी विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?"

याचं उत्तर मी ज्या शब्दांत ऐकलं त्याच शब्दांत देतो. "आजार थांबला नसता. गोळ्यांनी थोडा काळ बरा गेला असता, कदाचित. पण त्यांना एवढी बोलणी बसली नसती."

खाली आलो तर सिंधू बाकावर वैशालीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी वैशालीला तिथेही काही सांगितलं नाही.

पुढचे चार महिने सांगण्यासारखं फार नाही. गोळ्या सुरू झाल्या. मला स्वयंपाक यायला लागला, वाईटच, पण यायला लागला. एक वेगळी गोष्ट झाली. सिंधूची बोली परत आली. ती धुळे तालुक्यातल्या खेड्यातली, माहेरी सगळे अहिराणी बोलणारे. वरणगावच्या क्वार्टर्समध्ये मीच तिला "शुद्ध बोल, लोक हसतात" म्हणून ते सोडायला लावलं होतं. आता शुद्ध मराठी गळून गेली आणि तिच्या तोंडी पुन्हा 'शे' आणि 'व्हतं' आलं. डॉक्टर म्हणाले असंच होतं, नंतर शिकलेलं आधी जातं.

मे महिन्यात तिला ताप आला. लघवीचं इन्फेक्शन होतं, साधंच. पण दुसऱ्या दिवशी ती भिंतीवर चढणाऱ्या मुंग्या दाखवायला लागली, ज्या नव्हत्या. आम्ही तिला धुळ्यातल्या एका दवाखान्यात भरती केलं. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे अचानक येणारा भ्रम. तरुण मेंदू तापातही तोल सांभाळतो. आधीच थकलेला मेंदू साध्या इन्फेक्शननेही कोलमडतो. तुमच्या घरचं म्हातारं माणूस एका दिवसात एकदम वेगळं वागायला लागलं, तर वाट बघू नका, आधी लघवी तपासा. एवढं तरी माझ्याकडून घ्या.

पहिल्या दिवशी तिने सलाईनची सुई तीन वेळा उपटली. संध्याकाळी नर्सने एक कागद पुढे केला. "काका, हात बांधावे लागतील. सही करा." मी सही केली. मऊ पट्ट्यांनी तिचे दोन्ही हात कॉटच्या दांड्यांना बांधले. ती ओरडली नाही. "मी काय कयं?" एवढंच विचारत राहिली. मी काय केलं? दर दोन-चार मिनिटांनी तोच प्रश्न. तिला भिंतीवरच्या मुंग्यांचं सांगून उपयोग नव्हता, सुईचं सांगून उपयोग नव्हता. मी "काही नाही केलंस" म्हणायचो, आणि ती पुन्हा विचारायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून लताला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं, तीन वर्षांचंही आणि पास केलेल्या मालाचंही. ती म्हणाली, "भाऊ, मी तिले दोन वरीस शिव्या दिध्यात. तुम्ही आयकत ऱ्हायनात?"

"हो," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. दुपारी बाराच्या उन्हात ती हर्षलच्या मोटरसायकलवर मागे बसून आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॉटजवळ गेली आणि नर्सला म्हणाली, "सोडा तिना हात. मी धरस." आणि संध्याकाळपर्यंत सिंधूचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसली. हर्षल पायाशी बसला होता. सिंधूने त्याला एकदा विचारलं, "तू कोनाना रे?" तो म्हणाला, "तुमनाच, काकू."

वैशाली तेव्हा दारात उभी होती. तिला मी त्याच दिवशी सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी भांडली नाही की बोललीही नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी ताप उतरला, भ्रम ओसरला. म्हणजे ती पूर्वीच्या जागी आली, पण एक पायरी खाली. मी तिला ओळखीचा वाटतो, पण कोण ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं आता राहणार.

डिस्चार्जचे कागद यायला उशीर होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि माफी मागायला सुरुवात केली. ओसरी, सूप, मधुकरचं नाव, माझं ते वाक्य. ती लक्ष देऊन ऐकत होती. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की तिला हे कोणा दुसऱ्याच बाईचं वाटतंय. एक परका माणूस आपल्या घरचं रडगाणं सांगतोय, आणि ती ते माणुसकीने ऐकून घेतेय.

मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, "मंग ती बाई काय बोलनी?"

"काही नाही बोलली. तिला बोलताच येत नव्हतं."

सिंधूच्या कपाळावर आठी आली. कित्येक महिन्यांत मी तिला कोणावर एवढं रागावलेलं बघितलं नव्हतं. "आनि तो मानूस? तिना घरवाला? त्याले मालूम व्हतं ना?"

"हो. त्याला माहीत होतं."

"मंग तिले सांगं का त्यानं?"

मी म्हणालो, "आत्ता सांगितलं. तिला एकटीला."

"एकलीले सांगीसन काय व्हई?" ती म्हणाली. "बठ्ठास्ना समोर बोलना ना तो? मंग बठ्ठास्ना समोर सांगाले पाहिजे." बठ्ठास्ना समोर, म्हणजे सगळ्यांच्या समोर.

मग तिने मला पाणी पिता का म्हणून विचारलं.

तिने मला ओळखलं नव्हतं, आणि मला माफही केलं नव्हतं. माफ करायला तिला काही आठवतच नाही, आणि आता ते कधी आठवणारही नाही. वेळेवर तिची माफी मागणं एवढंच माझ्या हातात होतं, तेही मी गमावून बसलो. पण जो मेंदू महिना सांगू शकत नाही, घड्याळ काढू शकत नाही, त्याला न्याय अजून सांगता येतो, हे मी त्या दुपारी बघितलं. त्याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही. मी तिचेच मानतो.

हे लिहिलेलं येत्या रविवारी मी भाऊबंदांना वाचून दाखवणार आहे. लताने सगळ्यांना बोलावलं आहे. वैशालीही येते म्हणाली. सिंधू तिथे असेल. हे तिच्याबद्दल आहे हे तिला कळणार नाही. पण ती ऐकेल, आणि त्या बाईची बाजू घेईल.